अठ्ठावीस तारा, सहा फेऱ्या

"या तिन्हींतलं कोणतं चाक घेऊ, अक्का?"

प्रश्न विचारून झाल्यावरही विभावरीने हातातला कागद खाली ठेवला नाही.

नीलव्वा मगदूम यांनी वर पाहिले नाही. गडहिंग्लजमध्ये रस्त्यालगतच्या पत्र्याच्या दुकानात त्या बेचाळीस वर्षे सायकलींची चाके बांधत होत्या. दुकान भावाचे. भाऊ गेल्यावरही पाटी त्याच्याच नावाची राहिली. माणसे मात्र पहिल्यापासून 'अक्कांकडे जातो' असेच म्हणत आली होती. आत्ता त्यांच्यापुढच्या लोखंडी घोडीवर मल्लाप्पा दूधवाल्याचे जाड चाक फिरत होते, आणि मल्लाप्पा बाकावर बसून ते कधी थांबते याची वाट पाहत होता.

"बस की," अक्का म्हणाल्या.

विभावरी बसली नाही.

बुधवार होता. रविवारी आजऱ्याच्या वाटेवरील माळावर सायक्लोक्रॉसची निवड शर्यत होती. चिखल, ओले गवत, तिरपे उतार. आणि जिथे गाडी चालवणे अशक्य, तिथे ती खांद्यावर घेऊन पळायचे. राज्याच्या संघात तेवीस वर्षांखालील मुलींसाठी एकच जागा होती. पुढच्या वर्षी विभावरी सरनोबत त्या गटात बसणार नव्हती. घरी तिने शब्द दिला होता : यंदा निवड झाली नाही, तर गाडी माळ्यावर चढेल आणि ती चाकणच्या कारखान्यात रुजू होईल.

गेल्या वर्षी याच शर्यतीत ती दुसरी होती. दोन फेऱ्या उरल्या होत्या. उतारावर मागच्या चाकाची रिम फाटली.

तेव्हापासून तिला एकाच चाकाची स्वप्ने पडत होती.

तिने कागद वाचून दाखवला. पहिली जोडी कारखान्यातून बांधून येणारी, पंधराशे चाळीस ग्रॅम, सर्वांत महाग. दुसरी एका निवृत्त खेळाडूची, दोन हंगाम वापरलेली, सोळाशे दहा. तिसरीच्या रिम आणि चाकाच्या मध्यातले हब कोल्हापुरात सुटे मिळत होते. ती हाताने बांधावी लागणार होती. वजन सोळाशे नव्वद, आणि किंमत पहिलीच्या निम्म्याहून थोडी जास्त. माळावरच्या एका फेरीत एकतीस वळणे होती. प्रत्येक वळणावर गाडी मंदावते आणि पुन्हा वेगात आणावी लागते. हलकी रिम लवकर वेग घेते. तिने हिशेब मांडला होता : फेरीमागे दीड सेकंद.

"दीड सेकंद," मल्लाप्पा म्हणाला. "तेवढ्यात तर माझी म्हस शेपूटपण हलवत न्हाई."

विभावरीने त्याच्याकडे पाहिले नाही. तिची नजर घोडीवरच्या चाकावर होती.

"अक्का, हे आऊट आहे अजून. दोन मिलिमीटर."

रिम फिरताना जराही डगमगली, की दुकानात चाक आऊट झाले म्हणत. आणि ते सरळ करणे म्हणजे आऊट काढणे.

"हाय," अक्का म्हणाल्या. त्यांनी चाक घोडीवरून उतरवले आणि मल्लाप्पाच्या हाती दिले.

"पण..."

"बाई, दूध सरळच येतंय माझं," मल्लाप्पा म्हणाला. चाक काखेत मारून तो बाहेर पडला, उंबऱ्याबाहेर उलट्या ठेवलेल्या सायकलीला ते बसवले आणि निघून गेला. त्याचे मागचे चाक डुलत डुलत वळणापर्यंत जाताना विभावरी पाहत राहिली. तिला ते बघवत नव्हते, आणि नजरही काढता येत नव्हती.

"आता सांगा," ती म्हणाली. "तिन्हींतलं कोणतं टिकेल?"

अक्कांनी हात पुसले. कागद घेतला. तो त्यांनी वाचला नाही. नुसता उलटा करून पाहिला, मागे काही लिहिले आहे का म्हणून.

"तिन्ही मोडतील."

...

विभावरी हसली नाही. ती खाली वाकली, पाठीवरची पिशवी उघडली आणि गेल्या वर्षीची फाटकी रिम बाहेर काढली. ती तिने मुद्दाम आणली होती. तिचे म्हणणे असे, की रिमच सदोष होती, आणि हे अक्कांनी पाहून सांगावे. वर्षभर तिला एवढेच कोणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते.

अक्कांनी रिम मांडीवर घेतली. अंगठा आतल्या बाजूने फिरवला. तारा जिथून रिममध्ये शिरतात त्या भोकांपाशी अंगठा थांबे, पुढे जाई, पुन्हा थांबे. सात भोकांपाशी केसाएवढी चीर होती. आठवी चीर बोटभर. फाटले होते ते तिथून, तारेच्या ओढीने.

"आऊट कोण काढत होतं?"

"मीच. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही."

हे सांगताना तिचा आवाज किंचित उंचावला होता.

"कितींदा?"

वही होती. विभावरी सर्व गोष्टींच्या नोंदी ठेवत असे. तिने वही उघडली आणि उभ्यानेच वाचू लागली. चार जून : रिम उजवीकडे एक मिलिमीटर, डाव्या दोन तारा पाव फेरी आवळल्या. नऊ जून : डावीकडे अर्धा मिलिमीटर, उजवी एक आवळली. दहा जून : पुन्हा तपासले, खात्रीसाठी चार तारा आवळल्या. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नोंदी रोजच्या होत्या. आदल्या दिवशी तीन.

अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. एकोणीस नोंदी झाल्या.

"आता सैल केल्याची एक वाच."

विभावरीने पान उलटले. आणखी एक उलटले. मग ती मागे गेली, चार जूनपर्यंत. तिथून पुन्हा पुढे आली.

...

"सैल तार लवकर तुटते," ती म्हणाली. "पुस्तकात आहे. कॉलेजात आम्ही तपासलंही होतं."

"खरं हाय."

"मग?"

अक्कांनी रिम भिंतीला टेकवून ठेवली. चिरा दिसतील अशी.

या दुकानात एक जुनी रीत होती, आणि विभावरीला ती ठाऊक होती. शिकायला येईल त्याला अक्का पहिला महिनाभर एकही तार आवळू देत नसत. भंगारातले एक चाक घोडीवर चढवायचे आणि त्याच्या सगळ्या तारा सोडायच्या. एकदम नव्हे. प्रत्येक तार अर्धी फेरी, ओळीने, चाकाची पूर्ण प्रदक्षिणा. मग दुसरी प्रदक्षिणा, मग तिसरी. तारा सैल होत जातील, पण चाक आऊट होता कामा नये. अगदी शेवटची तार लोंबेपर्यंत रिम सरळ फिरली पाहिजे. ज्याला हे साधेल, त्याच्या हातात आवळण्यासाठी चावी.

विभावरी पंधरा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत इथे आली होती. नवव्या दिवशी ती आली नाही. मोडक्या चाकांची मोडतोड करण्यात एवढे शिकण्यासारखे काय आहे, असे तिने घरी विचारले होते. आवळणे ती व्हिडिओ पाहून शिकली. चांगले शिकली. कॉलेजातल्या सगळ्यांची चाके तीच बांधून देत असे. तारेची चावी तेव्हापासून दोरीत ओवून तिच्या गळ्यात होती.

अक्का उठल्या. विभावरीची गाडी दाराशी उभी होती. तिच्या मागच्या चाकाच्या जागी मैत्रिणीकडून मागून आणलेले चाक होते. पुढचे मात्र तिचे स्वतःचे, तिने स्वतः बांधलेले, अठ्ठावीस तारांचे.

अक्कांनी पुढचे चाक सोडवले, टायर उतरवला आणि रिम घोडीवर चढवली. त्यांनी ती फिरवली. रिम रेषेसारखी सरळ फिरली.

"छान बांधलंयस," त्या म्हणाल्या. "सोड."

विभावरीला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"अक्का, हे माझं एकच धड चाक आहे."

"म्हणून तर."

"रविवारी शर्यत आहे."

"ठावं हाय मला. तूच सांगितलंस की."

विभावरी घोडीपुढे उभी राहिली. तिने चावी गळ्यातून काढली. झडपेजवळची पहिली तार पकडली आणि अर्धी फेरी सोडली. रिम फिरवून पाहिली. सरळ होती. दुसरी सोडली. पुन्हा फिरवून पाहिली.

"दर तारेला बघू नकोस," अक्का म्हणाल्या. "फेरीला एकदा बघ."

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. दुकानासमोरून वडाप जीप हॉर्न वाजवत गेली तेव्हा विभावरी दचकली, आणि चावी तारेवरून घसरली. जे वर्षभर रोज घट्ट करत आलो तेच आपण आपल्या हाताने उकलत आहोत, आणि का, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही... तिने तोंडातल्या तोंडात तारा मोजायला सुरुवात केली.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी रिम डगमगली. एका जागी, एक मिलिमीटर, उजवीकडे.

विभावरीचा हात तिच्याआधी हलला. चावी डाव्या तारेवर गेली आणि तिने पाव फेरी आवळले.

अक्कांनी तिचे मनगट धरले. जोराने नाही.

"ओढतंय कोण?"

"उजवी."

"आणि शिक्षा डावीला?"

...

विभावरी त्या जागेकडे पाहत राहिली. मग तिने डाव्या तारेवर दिलेली पाव फेरी परत घेतली. चावी उजवीवर नेली. ही तार इतरांहून किती तरी घट्ट होती. बोटाने दाबली तर जागची हलत नव्हती. कधी आवळली होती ही? वहीत सापडली असती. तिने वही उघडली नाही.

तिने उजवी सोडली. आधी पाव फेरी. काही झाले नाही. मग आणखी पाव.

तार करकरली.

रिम सरळ झाली.

अक्कांनी मनगट सोडले आणि स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. पुढच्या तीन फेऱ्यांत त्या घोडीकडे फिरकल्या नाहीत. मध्ये एकदा एक गिऱ्हाईक पंक्चर घेऊन आले, आणि अक्का त्याच्याशी त्याच्या सुनेच्या बाळंतपणाविषयी बोलत राहिल्या. मुलगी झाली होती. नाव अजून ठरत नव्हते.

सहावी फेरी संपली तेव्हा दुपार होत आली होती. एकाही तारेत ताण उरला नव्हता. तारा हबला नुसत्या टांगल्यासारख्या होत्या. हात लावला की खुळखुळत होत्या. विभावरीने रिमला हलकेच गती दिली. रिम फिरली. ती डावीकडेही गेली नाही, उजवीकडेही नाही.

विभावरी बाकावर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

अक्कांनी तिच्या हातात चहाचा पेला दिला. कागद बाकावरच पडला होता. विभावरीने तो उचलला आणि बराच वेळ पाहिला. मग तिने पेन काढले.

पहिली जोडी खोडताना ती म्हणाली, की तिच्या तारांची आवळायची टोके रिमच्या आत बंद असतात. साध्या चावीने त्या आवळता येत नाहीत.

ती थांबली.

"सैलही करता येत नाहीत," ती म्हणाली.

दुसरी खोडताना ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, की दोन हंगाम ती कोणी कशी आवळली असेल, याची वही आपल्याकडे नाही.

तिसरी उरली. तिन्हींतली सर्वांत जड, आणि तरी तिच्या जुन्या चाकांपेक्षा पावणेतीनशे ग्रॅमने हलकी.

"ही बांधून द्याल, अक्का?"

"रिम घेऊन ये उद्या. बांधशील तू. सैल करायला मी लावीन."

गुरुवारी दुपारी ती कोल्हापूरच्या एसटीतून दोन रिम खांद्याला अडकवून आणि हब पिशवीत घेऊन उतरली. त्या संध्याकाळी तिने आधी स्वतःचे सोडलेले पुढचे चाक पुन्हा बांधले, सवय व्हावी म्हणून. शुक्रवारी नवे पुढचे झाले. मागच्याला शनिवारची दुपार लागली, कारण अक्कांनी ते दोनदा उलट्या प्रदक्षिणेने सोडायला लावले. एकदा विभावरीने विचारले, की हलक्या रिमला ताण नक्की किती द्यायचा, एखादा आकडा हवा. अक्का म्हणाल्या, की आकडा रिमच्या खोक्यावर छापलेला असतोच. त्याच्या पलीकडे हात जातो तेव्हा खोके कोणी वाचत नाही. विभावरीने खोके वाचले. मग ताण मोजायचे मीटर लावून सगळ्या तारा तपासल्या. त्या आकड्याच्या आतच होत्या, थोड्या खालीच.

वहीत तिने लिहिले : 'मागचे चाक, उजव्या तीन सैल केल्या.' वर तारीख घातली.

संध्याकाळी दोन्ही चाके गाडीला बसली. विभावरीने मागचे फिरवले. सरळ. पुन्हा फिरवले. सरळ. तिने तिसऱ्यांदा हात पुढे केला, आणि तो तसाच रिमपासून बोटभर अंतरावर थांबला. मग तिचा दुसरा हात गळ्याशी गेला.

दोरी तिथे नव्हती.

चावी अक्कांच्या हातात होती. काम संपल्यावर घोडीवर राहिलेली त्यांनी केव्हा तरी उचलली होती. त्यांनी दोरी चावीभोवती गुंडाळली, कोनाड्यातला, तारांच्या टोकांना बसणाऱ्या निपलांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यात चावी टाकली.

"अक्का, ती उद्या लागेल."

"सोमवारी ने."

"सुरुवातीच्या रेषेवर एकदा बघावं लागतं. सगळेच बघतात. नुसती जवळ असली तरी..."

अक्का डब्याचे झाकण लावत होत्या. ते वाकडे बसत होते.

"गेल्या साली रिम फाटली, मग काय केलंस?" त्यांनी विचारले.

हे त्यांनी याआधी विचारले नव्हते. विभावरीला ते कोणी विचारलेलेच नव्हते. सगळ्यांनी चाकाबद्दल विचारले होते.

"गाडी खांद्यावर घेतली. आणि पळाले."

"किती?"

"एक अख्खी फेरी आणि वर नऊशे मीटर. चिखलातून."

"पोचलीस?"

"शेवटची."

"पोचलीस," अक्का म्हणाल्या.

झाकण बसले.

...

विभावरीने हेल्मेट घातले. पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. गाडी उंबऱ्याबाहेर काढली. पश्चिमेकडे आजऱ्याच्या बाजूला ढग उतरले होते. माळावर आत्ताच पाऊस पडत असणार, आणि उद्या चिखल घोट्याच्या वर असणार. एक पाय पॅडलवर ठेवून ती तशीच उभी राहिली.

"अक्का."

"हं."

"आणि उद्या मध्येच आऊट झालं तर?"

अक्का दुकानाची फळी लावत होत्या. एक लावून झाली. दुसरी हातात घेऊन त्या थांबल्या.

"खांद्यावरल्या गाडीचं चाक कधी आऊट नसतंय, बाई."